दोन बर्फांच्या मधली वाट

मेक्सिकोच्या सीमेवरून निघून कॅनडाच्या सीमेला भिडणारी, सुमारे ४,२६५ किलोमीटर लांबीची एक पायवाट अमेरिकेच्या पश्चिम भागात आहे. तिचे नाव पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल. १९६८ साली कायदा करून अमेरिकेने ज्या पहिल्या दोन पायवाटांना राष्ट्रीय दर्जा दिला, त्यांतली ही एक. दुसरी पूर्वेकडची अ‍ॅपलेशियन ट्रेल. कॅलिफोर्निया, ऑरेगॉन आणि वॉशिंग्टन या तीन राज्यांतून जाणारी ही वाट एका दमात चालायची, तर साधारण पाच महिने लागतात. तयारी मात्र आदल्या वर्षीच सुरू करावी लागते.

तयारी म्हटली की सॅक, बूट आणि तंबू यांचीच चर्चा आधी होते. हाती पहिल्यांदा घ्यायला हवे ते कॅलेंडर. दक्षिणेकडून निघालेल्याला दोन बर्फांचा हिशेब सांभाळावा लागतो. सिएरा नेवाडा पर्वतात आदल्या हिवाळ्याचे बर्फ जूनपर्यंत साचलेले असते, म्हणून तिथे फार लवकर पोहोचून उपयोग नाही. उत्तरेला वॉशिंग्टनमध्ये ऑक्टोबर लागला की नवे बर्फ पडू लागते, म्हणून उशीरही परवडत नाही. सिएराचे दार समजले जाणारे केनेडी मेडोज हे ठिकाण आरंभापासून सुमारे १,१३० किलोमीटरवर आहे. तिथे जूनच्या मध्याला पोहोचायचे, तर एप्रिलच्या अखेरीच्या आसपास निघावे लागते. पुढचे तीन हजारांहून जास्त किलोमीटर सप्टेंबरअखेर संपवायचे, तर एकही दिवस न थांबता रोज जवळजवळ ३० किलोमीटर पडतात. आठवड्याला एक विश्रांतीचा दिवस धरला, की हाच आकडा ३४ वर जातो.

त्यातच परवान्याची अट. दक्षिण टोकावरून लांब पल्ल्यासाठी दिवसाला फक्त ५० जणांना निघता येते, आणि सोयीच्या तारखा आदल्या हिवाळ्यातच संपतात.

सह्याद्रीत भटकणाऱ्याला गडाखालच्या गावाची सवय असते. पाणी संपले तर हंडा मिळतो, रात्री पिठलं-भाकरी मिळते. इथे पहिल्या टप्प्यातल्या रखरखीत डोंगरांत दोन पाणवठ्यांमध्ये कधीकधी ३० किलोमीटरहून अधिक अंतर असते. सहा लिटर पाणी घेतले, की सॅकमध्ये तेवढ्यानेच सहा किलो वाढतात. कुठला झरा वाहतो आहे आणि कुठला आटला आहे, याच्या ताज्या नोंदी चालणारेच एकमेकांसाठी ठेवतात. त्या पाहिल्याशिवाय पुढचा मुक्काम ठरवू नये.

सिएरात पाण्याचा प्रश्न उलटा होतो. ४,००९ मीटर उंचीची फॉरेस्टर खिंड पहाटे, बर्फ कडक असतानाच ओलांडायची. दुपारी तेच बर्फ मऊ होऊन पाय मांडीपर्यंत रुततात. वितळलेल्या बर्फाचे ओढे दुपारनंतर फुगतात, तेही शक्यतो सकाळीच पार करायचे. २०१७ साली, भरपूर बर्फाच्या वर्षी, सिएरातल्या अशा ओढ्यांत या वाटेवरच्या दोघीजणी बुडून गेल्या. माघारी फिरण्यासाठीचे दोन दिवस मूळ आखणीतच हवेत, हे सांगायला याहून मोठे कारण नको.

सर्वांत जास्त श्रम वाया जातात ते शिध्यावर. माणशी रोज आठशे ग्रॅम ते किलोभर कोरडा शिधा लागतो, आणि बहुतेक ठिकाणी चार ते सात दिवसांनी गावाकडे उतरता येते. नवखे लोक पाच महिन्यांचे डबे घरीच भरून पोस्टाने पुढे पाठवायची व्यवस्था करतात. दुसऱ्या महिन्यात तीच खिचडी नकोशी होते, भूक दुपटीने वाढलेली असते आणि आधी बांधलेले सगळे माप चुकते. वाटेतल्या गावांत खरेदी करावी आणि जिथे दुकान तोकडे आहे तिथेच पार्सल पाठवावे, हे जास्त शहाणपणाचे. वॉशिंग्टनमधले स्टेहेकिन असेच गाव. तिथे बाहेरून मोटाररस्ता जात नाही. होडीने, छोट्या विमानाने किंवा पायीच पोहोचावे लागते. सिएराच्या बऱ्याच भागात शिधा अस्वलाला न उघडणाऱ्या मजबूत डब्यात ठेवण्याची सक्ती आहे. त्या रिकाम्या डब्याचे वजनच किलोभर.

एवढे करूनही आखणी जशीच्या तशी टिकत नाही. ऑगस्ट २०२१च्या अखेरीस वणव्यांमुळे कॅलिफोर्नियातली जवळजवळ सगळी राष्ट्रीय वने लोकांसाठी बंद झाली होती. २०२५पासून कॅनडाने या वाटेने पायी प्रवेश देणेही थांबवले. आता सीमेवरच्या खांबाला हात लावून सुमारे ४८ किलोमीटर मागे, हार्ट्स पासला परतावे लागते. म्हणजे शेवटच्या टप्प्याचा शिधा दुप्पट घ्यायचा. भारतातून जाणाऱ्याला आणखी एक मर्यादा आहे: पर्यटक म्हणून अमेरिकेत साधारणपणे सहा महिनेच राहू देतात, आणि नेमकी मुदत विमानतळावर ठरते.

एवढी रजा नसेल, तर योसेमिटीपासून माउंट व्हिटनीपर्यंतची सुमारे ३४० किलोमीटरची जॉन म्यूर ट्रेल तीन आठवड्यांत होते. तिचा मोठा भाग याच वाटेवरून जातो.

लांब असो वा छोटी, निघण्यापूर्वी घरच्या एका माणसाला कागदावर लिहून द्या: कोणत्या तारखेला कोणत्या गावात उतरणार, किती दिवस निरोप आला नाही तर काळजी करायची आणि तेव्हा कोणत्या शेरीफच्या कार्यालयाला फोन करायचा.