माहिती चौकट: सॅल्यूट कुणाला? कॅनडातील रिवाज

हुद्दा: सॅल्यूट राजाच्या सनदेने नेमलेल्या अधिकाऱ्याला. साधे सैनिक एकमेकांना करत नाहीत. तळहात जमिनीकडे, ब्रिटिश लष्करासारखा समोर नाही.

अपवाद: व्हिक्टोरिया क्रॉसधारक. परंपरेने वरिष्ठ अधिकारीही त्याला आधी सॅल्यूट करतात, मग तो साधा शिपाई का असेना.

असा शिपाई: अर्नेस्ट ‘स्मोकी’ स्मिथ, सीफोर्थ हायलँडर्स. पराक्रम इटलीतील साव्हिओ नदीवर, ऑक्टोबर 1944. (त्याच मोहिमेत मराठा लाइट इन्फंट्रीचे यशवंत घाडगे व नामदेव जाधव यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस, घाडगे यांना मरणोत्तर.) स्मिथ कॅनडाचे अखेरचे हयात मानकरी, निधन ऑगस्ट 2005. अंतिम मानवंदना ओटावाच्या संसद भवनात, लष्करी इतमामात अंत्यसंस्कार व्हँकुव्हरला.

नवे पदक: कॅनडाचा स्वतःचा व्हिक्टोरिया क्रॉस 1993 पासून. त्यावरील ब्रीद इंग्रजीऐवजी लॅटिनमध्ये, म्हणजे इंग्रजी-फ्रेंच वादच नको.

क्रॉस ऑफ व्हॅलर: 1972 पासून, शत्रूसमोर नसलेल्या शौर्यासाठी, नागरिकांनाही मिळतो.

पदके कोणी लावावीत? ज्याची त्यानेच. आजोबांची पदके नातवाने 11 नोव्हेंबरच्या स्मृतिदिनीही छातीवर लावू नयेत, उजव्या बाजूलाही नाही.

मेमोरियल क्रॉस: 1919 पासून, शहीद सैनिकाच्या आप्तांसाठी. ओटावातील स्मृतिदिनाच्या सोहळ्यात एक वीरमाता सर्व मातांच्या वतीने पुष्पचक्र वाहते.