कीबोर्डच्या बटणांचा रंग : पक्का कोणता, कच्चा कोणता?

कापडाच्या धंद्यात गिऱ्हाइकाचा पहिला सवाल रंगाचा असतो. "शेठ, रंग जाणार नाही ना?" ताका दाखविताना या सवालाचा जवाब आम्ही तयार ठेवतो. पण पेढीवर संगणकासाठी कीबोर्ड घेतला तेव्हा हाच सवाल दुकानदाराला विचारण्याचे आम्हाला सुचले नाही. दोन-अडीच वर्षांत 'एम' आणि 'एन' ही बटणे कोरी झाली. आमचे मुनीमजी न पाहता टाइप करतात, त्यांचे काही अडले नाही. ते सुट्टीवर गेले, नव्या मुलाने ई-वे बिलात गाडीच्या नंबरात एक अक्षर चुकविले आणि माल वाटेत अडला. एक-दोन अक्षरांच्या अशा चुकीला २०१८ च्या परिपत्रकाने केंद्र व राज्य मिळून हजार रुपयेच दंड आहे. पण माल उशिरा पोचला आणि पार्टीची बोलणी ऐकावी लागली ती वेगळीच.

त्यानंतर आम्ही थोडी चौकशी केली. मेकॅनिकल कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच असतो आणि वरची टोपी, म्हणजे कीकॅप, ओढून काढता येते. तेव्हा कीबोर्ड चांगला असेल तर तो फेकण्याची गरज नाही, टोप्या बदलल्या की झाले. अट एकच, माल ओळखता आला पाहिजे.

टोप्या मुख्यतः दोन प्लास्टिकच्या येतात, एबीएस आणि पीबीटी. एबीएस स्वस्त, साच्यात सहज ओतले जाणारे. त्याचा दोष असा की बोटांच्या घासण्याने आणि तेलकटपणाने ते काही महिन्यांत चकचकीत होते, आणि त्यातील ब्युटाडीनमुळे उन्हाने पिवळे पडते. पीबीटी कडक व किंचित खरखरीत असते आणि चमक फार उशिरा धरते. कापडवाल्यांनी हे ध्यानात घ्यावे की पीबीटी हे पॉलिएस्टरच आहे. आपल्या टेरिलीनचा तो चुलतभाऊ. दोघांच्या मुळाशी टेरेफ्थॅलिक आम्लच आहे.

हे नाते कळले आणि पुढची सारी गोष्ट आम्हाला सोपी झाली. पॉलिएस्टर साडीवर कागदावरून छपाई कशी होते ते आपण जाणतो. कागदावर डिस्पर्स रंगाची नक्षी, वर सुमारे २०० अंश उष्णता. रंगाची वाफ होते आणि ती धाग्याच्या आत शिरते. सुती कापडावर हा रंग धरत नाही. पीबीटीच्या टोपीवर अक्षर नेमके याच रीतीने उठवितात. तिला 'डाय-सब्लिमेशन' म्हणतात. रंग पृष्ठभागाच्या खाली गेलेला असतो, म्हणून अक्षर बोटाला लागत नाही आणि सहज झिजतही नाही. एबीएसवर हे जमत नाही, कारण ते १०५ अंशांच्या आसपास नरम पडते. आयबीएमने १९८५ साली काढलेल्या 'मॉडेल एम' कीबोर्डवर अशीच अक्षरे होती. त्यांतले पुष्कळ आजही चालू आहेत आणि त्यांची अक्षरे वाचता येतात.

अलबत्ता या रीतीला एक मर्यादा आहे. काळ्या कापडावर रंगाई करून पांढरी बुट्टी निघत नाही, तसेच येथेही. अक्षर टोपीपेक्षा गडदच असावे लागते. काळ्या टोपीवर पांढरे अक्षर हवे असेल तर दुसरी रीत, 'डबल-शॉट'. यात अक्षर एका रंगाच्या प्लास्टिकचे आणि बाकी टोपी दुसऱ्या रंगाची, असे दोनदा ओततात. हे म्हणजे छापील नव्हे, विणलेले काठ. टोपी झिजून आरपार होईतो अक्षर कायम. जर्मनीची जीएमके कंपनी चेरीच्या जुन्या सामग्रीवर असा माल बनविते, तोही एबीएसमध्ये, आणि तो महाग विकला जातो. तेव्हा एबीएस म्हणजे रद्दी असे समजू नये.

स्वस्त मालावर पॅड-प्रिंटिंग असते. रबरी शिक्क्यासारखी शाई वरवर बसविलेली. आमचे 'एम' व 'एन' याच जातीचे. लेझरने कोरलेले अक्षर त्यापेक्षा टिकते, पण अनेकदा करडे आणि फिकट दिसते. आतून उजेड देणाऱ्या बऱ्याच कीबोर्डांत पारदर्शक टोपीला काळा लेप देऊन अक्षरापुरता तो लेझरने उडवितात. लेप झिजला की भलतीकडूनच उजेड येतो.

मराठी किंवा उर्दू अक्षरे हवी असतील तर डबल-शॉटची आशा धरू नये. प्रत्येक अक्षराचा साचा वेगळा, आणि थोड्या मालासाठी तो कोण कापणार? डाय-सब हाच मार्ग, नाहीतर लेझर. उर्दूत तर बे, पे आणि ते यांत फरक फक्त नुक्त्यांचा. शिक्क्याची छपाई असेल तर आधी नुक्ते उडतात आणि पे चा बे होतो. स्टिकर लावून आम्ही पाहिले. उन्हाळ्यात घामाने कडा सुटल्या.

दुकानदार सगळ्याच मालाला पीबीटी म्हणतो. आपण जसा धागा जाळून पाहतो तशी येथेही परीक्षा आहे. पाण्यात मीठ विरघळेनासे होईतो घालावे आणि टोपी आतली हवा काढून त्यात सोडावी. एबीएस तरंगते, पीबीटी बुडते. साध्या पाण्यात दोन्ही बुडतात, म्हणून मिठात कंजूषी करू नये.

पीबीटी थंड होताना जास्त आकसते, त्यामुळे लांब स्पेसबार वाकडा निघण्याचा धोका असतो. तो काचेवर उपडा ठेवून पाहावा. काही कारखानदार याच कारणाने स्पेसबार तेवढा एबीएसचा देतात. तो लवकर चमकेल, पण सरळ असेल. टोपीची जाडी दीड मिलिमीटरच्या आसपास असावी. आपल्या स्विचचा दांडा अधिक चिन्हासारखा आहे का हेही आधी पाहावे, कारण बाजारातल्या बहुतेक टोप्या त्याच मापाच्या असतात. खालच्या ओळीतील कंट्रोल, आल्ट वगैरे बटणांची रुंदी सर्व कीबोर्डांत सारखी नसते. ती पट्टीने मोजून कागदावर लिहून दुकानात न्यावी. आम्ही ती मोजली नव्हती, म्हणून पहिला संच परत करावा लागला.