कोहिबा : चिरूट एक, मतें अनेक

हवाना शहराच्या पश्चिम उपनगरांत एल लागितो नांवाचा एक जुना वाडा आहे. क्रांतीपूर्वीं तो एका धनिकाचें निवासस्थान होता. क्रांतीनंतर तेथें चिरूट वळण्याचा कारखाना निघाला. या कारखान्यानें प्रसिद्धीस आणलेल्या 'कोहिबा' या चिरुटाचें जितकें कौतुक झालें, तितकीच त्याच्याविषयीं कुरकूरहि ऐकूं येते. एक म्हणतो, याहून श्रेष्ठ धूर पृथ्वीवर नाहीं. दुसरा म्हणतो, पैसे गेले ते पानाचे नव्हेत, वरच्या कागदी पट्टीचे. तिसरा म्हणतो, पूर्वींचा कोहिबा आतां राहिला नाहीं. तिघेहि अनुभवी आणि तिघेहि खरें बोलणारे. मग हा मतभेद कां? त्यांतला थोडा भाग रुचीचा आहे. पण बराच मोठा भाग असा कीं, नांव एक असलें तरी तिघांनीं ओढलेली वस्तु एक नसते.

या चिरुटाचा जन्म राजवाड्याच्या नव्हे, तरी राजसत्तेच्या अंगणांत झाला. फिदेल कास्त्रो यांच्या एका अंगरक्षकाजवळचा घरगुती वळणीचा चिरूट त्यांच्या हातीं गेला व त्यांना तो इतका आवडला कीं, वळणाऱ्याचा शोध करविण्यांत आला. हा वळणारा म्हणजे एदुआर्दो रिव्हेरा. पुढें त्याच्या पद्धतीनें एल लागितो येथें काम सुरू झालें आणि १९६६ सालीं त्या चिरुटाला कोहिबा हें नांव मिळालें. कॅरिबियन बेटांवरील मूळच्या तैनो लोकांत वळलेल्या तंबाखूला हा शब्द असे. (आपल्याकडील 'चिरूट' हा शब्दहि असाच मूळचा तमिळ असून त्याचा अर्थ गुंडाळी असा आहे.) १९८२ सालापर्यंत कोहिबा बाजारांत नव्हता, तो राष्ट्रप्रमुखांना व परराष्ट्रांच्या वकिलांना नजराणा म्हणून जाई. जी वस्तु पैशानें मिळत नाहीं तिची गोडी चाखण्यापूर्वींच जिभेवर येते, आणि कोहिबाची ही सोळा वर्षांची पुण्याई अजून पुरती सरलेली नाहीं. स्वतः कास्त्रो यांनीं मात्र १९८५ सालीं, लोकांना आरोग्याचा धडा घालून देण्यासाठीं, धूम्रपान सोडलें. तें योग्यच झालें. चिरुटाचा धूर छातींत घेत नाहींत म्हणून तो निरुपद्रवी, ही समजूत खोटी आहे. तोंडाचा व घशाचा कर्करोग तेवढ्यानेंहि होतो.

आतां पानाकडे वळूं. क्युबाच्या पश्चिम टोकाकडे वुएल्ता आबाहो नांवाचा तांबड्या मातीचा मुलूख आहे. कोहिबाचें पान सान हुआन इ मार्तिनेस व सान लुईस या तेथल्या दोन भागांतल्या निवडक मळ्यांतून येतें. झाडाचीं खालचीं पानें जळण्यास चांगलीं, मधलीं वासाला चांगलीं आणि वरचीं, ऊन अधिक मिळाल्यामुळें, तिखट व सावकाश जळणारीं. या तिहींचें मिश्रण पोटांत भरतात. बाहेरच्या वेष्टनाचें पान निराळ्या शेतांत, कापडाच्या मांडवाखालीं, सावलींत वाढवितात. कोहिबाचें वैशिष्ट्य असें कीं, त्याचीं मधलीं व वरचीं पानें नेहमींच्या आंबवणीनंतर लाकडी पिंपांत आणखी एकदां मुरवितात. त्यामुळें अमोनियाचा उग्र दर्प उतरतो व धूर मऊ होतो.

खऱ्या रुचिभेदाचें मूळ येथेंच आहे. बोलिव्हार किंवा पार्तागास यांसारख्या जोरकस क्युबन चिरुटांची संवय असलेल्याला कोहिबाचा धूर मिळमिळीत वाटतो. ज्याला ताज्या गवताचा, मधाचा, कॉफीचा मंद वास हवा, त्याला तोच धूर राजस वाटतो. दोघांच्याहि जिभेनें एकच गोष्ट टिपलेली असते. एक तिला सौम्य म्हणतो, दुसरा बेचव. या भांडणाचा निकाल लावण्याचें कारण नाहीं.

पुढचीं भांडणें मात्र निराळ्या जातीचीं आहेत. चिरूट हातानें वळला जातो. वळणारा पानाला घडी घालून दुसऱ्या पानावर ठेवतो, तीं अशा बेतानें कीं, मधून धुराला वाट राहावी. एखादें पान पिळलें गेलें कीं वाट बंद होते आणि चिरूट कोंदतो. पानें विरळ पडलीं तर तो तापतो व धूर कडू होतो. बाहेरून दोन्ही चिरूट सारखेच तुकतुकीत दिसतात. १९९० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धांत जगभर चिरुटांची मागणी एकाएकीं वाढली. क्युबानें उत्पादन वाढविलें, नवे वळणारे घाईनें शिकवून कामाला लावले, आणि कोंदलेल्या चिरुटांची तक्रार घरोघर ऐकूं येऊं लागली. पुढें वळलेल्या चिरुटांतून हवा किती सहज जाते हें पाहणारीं यंत्रें कारखान्यांत बसविण्यांत आलीं, तेव्हां हा दोष पुष्कळ कमी झाला. त्या वाईट वर्षांत ज्यानें पहिला कोहिबा घेतला, त्याचें मत आजहि त्या कोंदलेल्या चिरुटावरच उभें आहे. त्याला दोष कसा द्यावा? त्यानें पूर्ण किंमत मोजली होती.

जुने लोक 'पूर्वींचा राहिला नाहीं' म्हणतात, त्यालाहि आधार आहे. वेष्टनासाठीं पूर्वीं कोरोहो नांवाच्या जातीचें पान वापरीत. ही जात बुरशीजन्य रोगाला लवकर बळी पडे. १९८० च्या सुमारास अशा रोगानें क्युबाचें पीक जवळजवळ बुडविलें होतें. म्हणून १९९० नंतरच्या दशकाच्या शेवटीं तिच्या जागीं रोगाला तोंड देणाऱ्या संकरित जाती आल्या. तेव्हां नांव तेंच राहिलें, पण अंगरखा बदलला. शिवाय जुन्या माणसाच्या आठवणींतला चिरूट बहुधा पेटींत वर्षानुवर्षें मुरलेला असतो आणि हातांतला कालपरवां वळलेला. पेटीच्या बुडाशीं कारखान्याची खूण, महिना व वर्ष छापलेलें असतें. जाणता गिऱ्हाईक झाकण उघडण्याआधीं पेटी उलटी करतो, तो याचसाठीं.

आकारानेंहि चव पालटते. कोहिबाचा लान्सेरो १९२ मिलिमीटर लांब, पण जाडीला अवघा ३८ चौसष्टांश इंच. त्यांत वेष्टनाच्या पानाचा वांटा मोठा. २०१० सालीं निघालेल्या बेहिके मालिकेंतला सर्वांत जाड चिरूट ५६ चौसष्टांश इंचांचा, त्यांत पोटांतलें पान बोलतें. ओढणाराहि आपल्या हातानें चव बिघडवूं शकतो. मिनिटाला एखादा झुरका पुरे. घाईनें ओढल्यास उत्तम पानहि तापून कडवट होतें.

नकलांचा प्रकार तर विचारूंच नये. हवानाच्या रस्त्यांवर प्रवाशांना स्वस्तांत मिळणारे 'कोहिबा' बहुधा खोटेच असतात. काचेच्या झाकणाच्या पेट्या हा त्याचा ठळक नमुना. अमेरिकेंत आणखी निराळी गंमत. १९६२ च्या व्यापारबंदीमुळें क्युबन माल तेथें विकतां येत नाहीं, आणि तेथें कोहिबा या नांवानें खुशाल खपत आलेला चिरूट डोमिनिकन रिपब्लिकमध्यें वळलेला, दुसऱ्याच कंपनीचा. या नांवासाठीं दोन्ही पक्षांचा झगडा पंचवीस वर्षांहून अधिक काळ चालला. तेव्हां अमेरिकन गृहस्थ व फ्रेंच गृहस्थ कोहिबाविषयीं वाद घालूं लागले तर कधीं कधीं ते दोन देशांच्या मालाविषयींच बोलत असतात.

२०२२ सालीं क्युबाच्या निर्यात कंपनीनें कोहिबाच्या किंमती जगभर एका पातळीवर आणल्या. कित्येक देशांत त्या दुपटीवर गेल्या. तेव्हांपासून 'इतके पैसे द्यावे काय?' हा प्रश्न चवीच्या प्रश्नाहून मोठा झाला आहे, आणि तो रास्त आहे. काहीं नियतकालिकें पट्टी काढून, नांव न सांगतां, परीक्षकांना चिरूट ओढावयास देतात. अशा परीक्षेंत कोहिबा कधीं सर्वांच्या वर बसतो, कधीं त्याच्या चौथाई किंमतीच्या निकाराग्वाच्या चिरुटाच्या खालीं. पण एका चिरुटावरून गुण देणें, हातवळणीच्या मालाच्या बाबतींत, धाडसाचेंच. म्हणून काळजी घेणारे परीक्षक एकाच पेटींतले दोन-तीन चिरूट निरनिराळ्या दिवशीं ओढतात आणि पेटीच्या बुडावरचा महिना व वर्ष आपल्या अभिप्रायाबरोबर लिहून ठेवतात.