सिंगापूरची संध्याकाळ आणि आपला पेहराव

मुलगा किंवा मुलगी सिंगापूरला स्थायिक झाली, की निवृत्त आई-वडिलांच्या माळ्यावरची मोठी बॅग एकदा तरी खाली उतरते. दोन-तीन महिन्यांच्या मुक्कामाची तयारी सुरू होते. गोडा मसाला, मेतकूट, औषधांच्या पट्ट्या, चष्म्याची दुसरी जोडी असे सारे यादीबरहुकूम भरले जाते. आणि अगदी शेवटी, उरलेल्या जागेत, ‘कुठे बाहेर जायचे झाले तर’ म्हणून दोन भारी साड्या आणि एखादा कोट बसवला जातो. या लेखात त्या उरलेल्या जागेविषयी थोडे बोलायचे आहे. आपण स्वतः सत्तरीच्या आसपास असाल, किंवा अशा ज्येष्ठांना सोबत घेऊन जाणारे असाल, तर बॅग बंद करण्यापूर्वी हे वाचावे.

संध्याकाळ म्हटली की आपल्या मनात गारवा येतो. पुण्याच्या किंवा नाशिकच्या माणसाला मे महिन्यातसुद्धा सूर्य मावळल्यावर वाऱ्याची झुळूक मिळण्याची सवय असते. सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम दीडशे किलोमीटरवर आहे. तेथे बाराही महिने सूर्य सायंकाळी सातच्या सुमारास मावळतो, दुपारी पारा ३१ ते ३३ अंशांवर असतो, आणि रात्रीही तो २४ अंशांच्या खाली क्वचितच जातो. आकडे पाहून मुंबईकर म्हणेल, यात विशेष ते काय? विशेष आहे ते हवेतील बाष्प. दुपारपेक्षा रात्री हवा अधिक दमट होत जाते. आपल्या शरीराला गारवा मिळतो तो घाम आल्याने नव्हे, तर घाम वाळल्याने. हवा आधीच बाष्पाने भरलेली असेल तर घाम वाळत नाही, नुसता निथळतो. म्हणजे अंग भिजते, पाणी आणि क्षार जातात, पण उष्णता मात्र अंगातच राहते.

वयपरत्वे यात आणखी भर पडते. घर्मग्रंथी पूर्वीइतक्या तत्परतेने काम करीत नाहीत, त्वचेकडील रक्तप्रवाह पुरेसा वाढत नाही आणि, सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे, तहान बोथट होते. शरीराला पाणी हवे असते, पण तशी जाणीवच होत नाही. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, किंवा मूत्राशयाच्या, कंपवाताच्या वा जुन्या पद्धतीच्या नैराश्यावरील काही औषधांमुळे घाम कमी येत असेल, तर ही अडचण अधिक गडद होते. औषधे मनाने बंद करू नयेत. मात्र निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना ‘दमट उष्ण हवेत तीन महिने राहणार आहे’ एवढे आवर्जून सांगावे.

हे सारे मला पुस्तकातून ठाऊक होते. उमगले ते सासूबाईंमुळे.

माझे दीर-जाऊ तिकडे असतात. त्यांच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस होता आणि नदीकाठच्या एका उपाहारगृहात, बाहेरच्या मोकळ्या सज्जात, रात्रीचे जेवण ठरले होते. सासूबाई तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांच्या. त्यांनी खास या प्रसंगासाठी नेलेली पैठणी काढली. मी भीत भीत सुचवले, “आई, हलकी साडी नेसता का? फार उकडतंय.” त्यांचे उत्तर तयार होते, “अगं, सुनेने पैठणी नेसायची आणि मी काय गाऊनवर जायचं? मुलाच्या चार मित्रांसमोर जायचंय मला.” त्यांचे चुकले असे मला तेव्हा वाटले नाही, आजही वाटत नाही. म्हातारपणी माणसाला नीटनेटके, प्रसंगाला शोभेसे दिसावेसे वाटते, तो त्याचा हक्क आहे. सोयीच्या नावाखाली आपण ज्येष्ठांना ढगळ, रंग उडालेल्या कपड्यांत बसवतो, तेव्हा त्यांचा थोडा मान आपण काढून घेत असतो.

जेवण छान झाले. बिल आले, सासूबाई उठल्या आणि दोन पावलांतच त्यांचा तोल गेला. दिरांनी धरले म्हणून पडल्या नाहीत. चेहरा पांढराफटक, कपाळ ओलेचिंब. त्यांना बाकावर आडवे केले, पाय उंच ठेवले, परकराची नाडी सैल केली. घोट घोट पाणी पाजल्यावर अर्ध्या तासाने त्या बोलू लागल्या. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी एक साधा प्रश्न विचारला, “काल दुपारपासून किती पाणी प्यायलात?” सासूबाई आधी माझ्याकडे पाहत राहिल्या, मग हळूच म्हणाल्या, “जवळजवळ नाहीच. पैठणी नेसून तिथल्या बाथरूममध्ये कोण जाणार?”

वाचकहो, या एका वाक्यात बाहेर जातानाच्या पेहरावाचे सारे शास्त्र आले आहे. नेसलेले वस्त्र सावरत स्वच्छतागृहात जाणे ज्यांना अवघड वाटते, त्या स्त्रिया पाणीच पीत नाहीत. कित्येक पुरुषही हेच करतात. प्रोस्टेटचा त्रास असणारे आणि ज्यांच्या विजारीचे हूक-बटण थरथरत्या बोटांना लवकर उघडत नाही, असे तर हमखास. त्यात पोटभर जेवणानंतर वृद्धांचा रक्तदाब मुळातच थोडा उतरतो, उष्णतेने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, अंगात पाणी कमी, आणि अशा वेळी चटकन उठणे. म्हणून संध्याकाळच्या कपड्याची पहिली कसोटी अशी ठेवावी: हा पोशाख घालून मी कुणाच्याही मदतीशिवाय दोन मिनिटांत स्वच्छतागृहात जाऊन येऊ शकते का? घरीच एकदा करून पाहावे.

साडीच नेसायची असेल, आणि अनेकींना ती नेसल्यावाचून बाहेर पडल्यासारखे वाटतच नाही, तर कोटा, मंगळगिरी, मलमल किंवा रेशीम-सुती माहेश्वरी यांतून निवडावी. काठ शोभिवंत, पोत हलका. पैठणीचे रेशीम वाईट नसते. वजन पडते ते जरीच्या पदराचे, अस्तर लावलेल्या घट्ट ब्लाउजचे आणि आतल्या सॅटिनच्या परकराचे. परकर सुतीच हवा, आणि नाडीऐवजी रुंद पट्टी किंवा इलॅस्टिक लावून घेतलेला बरा. कमरेवर वर्षानुवर्षे घट्ट आवळलेल्या नाडीने तेथील त्वचा काळवंडते, खवले धरते. त्या जागी न भरणारी जखम होऊन क्वचित कर्करोग झाल्याच्या नोंदीही वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. घामाने भिजलेली नाडी तर अधिकच काचते. निऱ्या घोट्याच्या किंचित वर ठेवाव्यात आणि पिना शक्यतो एकच, खांद्याला. ज्यांना चालेल त्यांनी सैल कुर्ता आणि सरळ विजार घालून वर काठाची ओढणी घ्यावी; समारंभाला हा पोशाख कुठेही कमी दिसत नाही.

पुरुषांचा प्रश्न सोपा आहे, पण आपले पुरुष तो अवघड करतात. टेरिकॉटची सफारी आणि गळ्यापर्यंत बटणे, ही कल्पना सोडून द्यावी. त्या भागातील लोकांनी स्वतःच्या हवेला साजेसा औपचारिक पोशाख केव्हाच शोधून काढला आहे: मलेशिया-इंडोनेशियात लांब बाह्यांचा बाटिकचा सदरा अगदी सरकारी मेजवान्यांनाही चालतो, तेथे कोट-टाय लागत नाही. आपला सुती किंवा लिननचा झब्बा त्याच कुळातला आहे. खाली पूर्ण लांबीची सैल विजार आणि बंद पादत्राण असले की झाले. चांगल्या उपाहारगृहांत पुरुषांना अर्धी चड्डी व रबरी चपला घालून प्रवेश नाकारला जाऊ शकतो, एवढे मात्र लक्षात असू द्यावे.

रंगाविषयी एक गैरसमज दूर करतो तो असा, की ‘फिकट रंग थंड असतात’ हा नियम उन्हाचा आहे. ऊन नसेल तेव्हा पांढऱ्या आणि गर्द निळ्या कापडात उष्णतेच्या दृष्टीने फरक उरत नाही. तरीही संध्याकाळी मी फिकट रंगच सुचवेन, कारण वेगळे आहे. गर्द रंगांकडे डास अधिक ओढले जातात, आणि अंधुक उजेडात गर्दीतून आपल्या माणसाला शोधणे फिकट वस्त्रामुळे सोपे जाते. डासांची गोष्ट सिंगापूरमध्ये गंभीर आहे. इतके स्वच्छ शहर, पण डेंग्यू तेथे आहे, आणि त्याचा डास सकाळी व दिवस मावळण्याच्या आधी विशेष चावतो. नेमकी हीच आपली फिरायला निघण्याची वेळ. लांब बाह्या, घोट्यापर्यंत विजार आणि उघड्या त्वचेवर डासप्रतिबंधक मलम, हे नाईट सफारीसारख्या झाडीतल्या ठिकाणी जाताना तर टाळूच नये.

आता उलट्या बाजूची अडचण. सिंगापूरचे पहिले पंतप्रधान ली क्वान यू आपल्या देशाच्या प्रगतीचे मोठे श्रेय वातानुकूलन यंत्राला देत असत. त्यांचा देश हे वाक्य आजही फार मनावर घेतो. बाहेर निथळलेला माणूस मेट्रोत, मॉलमध्ये किंवा एस्प्लनेडच्या नाट्यगृहात (काटेरी फळासारखी दिसणारी ती इमारत आमच्याकडे सगळे ‘फणस’ म्हणूनच ओळखतात) शिरला, की ओल्या कपड्यांत काही क्षणांत कुडकुडू लागतो. सुती कापडाचा हा एक दोष मान्य केला पाहिजे: ते घाम टिपते, पण दमट हवेत लवकर वाळत नाही. त्यावर उपाय आपल्या आजोबांचाच आहे. आत पातळ सुती बंडी घालावी, दुसरी कोरडी बंडी पिशवीत ठेवावी आणि नाट्यगृहात बसण्यापूर्वी बदलावी. स्त्रियांनी हलकी शाल किंवा सुती ओढणी जवळ ठेवावी, लोकरीची नको. घरी परतल्यावर काखा, जांघा, स्तनांखालची घडी आणि पायांच्या बोटांमधल्या बेचक्या कोरड्या टिपाव्यात. नायटा आणि बुरशी तेथेच मूळ धरतात, मधुमेहींना तर लवकर.

पायांविषयी थोडे सविस्तर सांगते. उष्ण हवेत पाय सुजतात आणि संध्याकाळी ती सूज सर्वाधिक असते. सकाळी बरोबर बसलेली चप्पल रात्री रुतते. म्हणून पादत्राण विकत घ्यायचे ते संध्याकाळी, पट्टा सैल-घट्ट करता येईल असे, मागून टाच धरणारे, आणि प्रवासाच्या निदान महिनाभर आधी. नव्या चपलेचा पहिला दिवस परदेशात नको. तळ खाचेचा असावा, कारण खाद्यपदार्थांच्या मोठमोठ्या हॉकर सेंटरमधील फरशी बहुधा ओली असते, आणि पाऊस तर तेथे कधीही येतो. मुंबईत चार महिन्यांत पडतो जवळजवळ तेवढाच पाऊस, पण वर्षभर विखुरलेला. लिटल इंडियातील देवळांत पादत्राणे काढावी लागतात. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांनी तेथे तळाला रबराचे ठिपके असलेले मोजे घालावेत आणि घरी आल्यावर तळवे पाहावेत, स्वतःला दिसत नसतील तर दुसऱ्याकडून पाहून घ्यावेत.

सोबत नेणाऱ्यांसाठी काही गोष्टी. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला उकडते आहे हे सांगता येत नाही. एकावर एक कपडे घालण्याचा आग्रहही ती धरते. तिच्या मानेच्या मागे हात लावून पाहावा. समोरून उघडणारे कपडे, खिशात पत्ता व फोन क्रमांकाची चिठ्ठी, आणि हट्टाने एखादा स्वेटर हवाच असेल तर तो हातात धरू द्यावा, वाद घालू नये. मेट्रोत खाण्यापिण्यास बंदी आहे आणि ती पाण्यालाही लागू आहे, म्हणून स्थानकात शिरण्यापूर्वीच पाणी पाजावे. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर मर्यादा असेल, तर ती किती, हे डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्यावे. जेवण झाल्यावर लगेच उठवू नये. दहा-पंधरा मिनिटे बसून, पाय हलवून, मग आधार घेऊन उभे करावे. अंग तापलेले, बोलणे असंबद्ध किंवा ग्लानी, असे दिसले तर ती नुसती भोवळ नव्हे. सावलीत वा थंड खोलीत नेऊन कपडे सैल करावेत, ओल्या फडक्याने अंग पुसत वारा घालावा, शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नये आणि ९९५ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

सासूबाईंनी पुढचे पंधरा दिवस बाहेर जाण्याचे नावच काढले नाही. मग एका संध्याकाळी नातवाने ‘गार्डन्स बाय द बे’मधील दिव्यांची झाडे दाखवायचा हट्ट धरला. पन्नास मीटरपर्यंत उंच ती लोखंडी झाडे रात्री पावणेआठला गाण्याच्या तालावर उजळतात. त्या दिवशी सासूबाईंनी जावेची मोतिया रंगाची कोटा साडी मागून घेतली, परकराला इलॅस्टिक घालून घेतले. पैठणीची हौस तिच्याच कापडाच्या बटव्यावर भागली. त्या बटव्यात पाण्याची छोटी बाटली मावत नव्हती, तेव्हा ती माझ्या पिशवीत आली. वाटेत दोनदा त्यांनी स्वतःच मागून पाणी घेतले, आणि दोनदा स्वच्छतागृहातही जाऊन आल्या, एकट्या.