खर्जाचे बिऱ्हाड

गोव्यात घुमटाचा ठेका कानी पडल्यावाचून चतुर्थी पार पडत नाही. डिचोली तालुक्यातील मुळगाव हे श्री केळबाईचे गाव. तेथेही आरतीच्या साथीला घुमट, शामेळ आणि कांसाळे हाच सरंजाम. 2019 साली गोवा सरकारने घुमटाला राज्याच्या वारशाचे वाद्य म्हणून मान दिला. वस्तुतः घुमट म्हणजे दोन्ही बाजूंनी उघडे असे मातीचे मडके. त्याच्या रुंद तोंडावर पूर्वी घोरपडीचे कातडे ताणून बसवीत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला अभय मिळाल्यावर तेथे बकऱ्याचे कातडे आले. दुसरे तोंड अरुंद असते व ते उघडेच ठेवतात. वादक उजव्या हाताने कातड्यावर थाप देतो आणि डाव्या हाताचा तळवा त्या अरुंद तोंडावर कमीअधिक झाकून खर्जाला आकार देतो. मडक्यात कोंडलेली हवा त्या तोंडातून आतबाहेर हेलकावते आणि एवढ्याशा कातड्यातून न निघणारा गंभीर नाद ऐकू येतो.

हे शास्त्र ध्यानात घेतले म्हणजे बेस गिटार, तिचा ॲम्प्लिफायर आणि स्पीकरची पेटी या तिन्हींचा विचार पुष्कळ सोपा होतो. लग्नसमारंभात, फेस्ताला, जत्रेच्या रंगमंचावर वाजवून चार पैसे मिळविणारी तरुण मंडळी गोव्यातील गावोगावी आहेत. त्यांचे भांडवल बेताचे असते आणि ते पुष्कळदा उसनेही असते. अशा वादकाने पहिल्याच खरेदीत चूक केली, तर ती त्याला पुढे कित्येक वर्षे खांद्यावर वाहावी लागते. हे वाहणे शब्दशः असते, कारण खर्जाचे बिऱ्हाड जड असते.

प्रथम वाद्याचा विचार करू जाता, लिओ फेंडर या अमेरिकन कारागिराने 1951 साली ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणली तेव्हापासून या गिटारीचे रूप फारसे पालटलेले नाही. चार तारा, पडद्यांची मान आणि 34 इंचांची तारेची लांबी हा तिचा ठरलेला घाट. त्यापूर्वी खर्जाचे काम डबल बेस करी. माणसाहून उंच असे हे वाद्य मोटारीच्या टपावर बांधून न्यावे लागे. 1960 साली फेंडरनेच काढलेल्या ‘जॅझ बेस’ला दोन पिक-अप आहेत. पुलाजवळच्या पिक-अपमुळे तिचा स्वर अधिक टोकदार होतो, तर प्रिसिजनचा स्वर भरीव आणि गोल राहतो. ज्याला गायकाच्या पाठीशी मुकाट्याने उभे राहावयाचे आहे त्याला पहिली पुरेशी होते; ज्याला एकाच रात्रीत अनेक ढंगांची गीते वाजवावयाची आहेत त्याला दुसरी सोयीची पडते. काही गिटारींत नऊ व्होल्टची बॅटरी आणि छोटे विद्युत-मंडल असते. त्यामुळे स्वर हवा तसा वळविता येतो खरा. पण ऐन कार्यक्रमात बॅटरी संपली म्हणजे अशा बहुतेक गिटारी मुक्या होतात. आखूड हाताच्या वादकासाठी 30 इंचांची गिटारही मिळते. तीत कमीपणा मानण्याचे कारण नाही. नव्या तारा चढविलेली आणि नीट जुळविलेली मध्यम किमतीची गिटार, दुर्लक्षित महाग गिटारीपेक्षा केव्हाही श्रेयस्कर होय.

खरी अडचण गिटारीच्या पुढे सुरू होते. बेस गिटारीची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे 41 वेळा कंप पावते. उष्ण हवेत ध्वनी सेकंदाला अदमासे 350 मीटर जातो. म्हणजे या स्वराची एकेक लाट सुमारे साडेआठ मीटर लांब असते. एवढी मोठी लाट हलवावयाची तर पुष्कळ हवा ढकलावी लागते. उघडा स्पीकर हे करू शकत नाही. त्याचा पडदा पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. दोन्ही लाटा कडेने वळून एकमेकींना भेटतात आणि नाहीशा होतात. म्हणून स्पीकरला पेटी हवी. पेटी म्हणजे शोभेचे वेष्टन नव्हे. ती वाद्याचाच एक अवयव आहे.

पेट्या मुख्यतः दोन प्रकारच्या. एक सर्व बाजूंनी बंद. तिच्यातील हवा उशीसारखी पडद्याला आवरून धरते. स्वर घट्ट येतो आणि खाली खाली हळूहळू विरत जातो. दुसरी छिद्राची. हिच्यातील छिद्र अथवा नळी घुमटाच्या अरुंद तोंडाचेच काम करते. आतील हवा ठरावीक स्वराला हेलकावते आणि खर्जाला हात देते. या पेटीचे नेमके गणित ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी 1961 साली मांडले. पुढे रिचर्ड स्मॉल यांनी ते विस्तारले. मात्र या लाभाची किंमत द्यावी लागते. छिद्र ज्या स्वराला जुळविलेले असते त्याच्या खाली पेटीतील हवा पडद्याला आवरीत नाही. तो मोकाट हलू लागतो आणि जोराने वाजविल्यास फाटूही शकतो. पाच तारांची गिटार वाजविणाऱ्याने हे विशेष ध्यानात ठेवावे, कारण तिची पाचवी तार सुमारे 31 कंपनांपर्यंत उतरते.

पेटी लहान असावी, तिचा आवाज मोठा असावा आणि तिने अगदी खालचा खर्ज द्यावा, अशी तिहेरी इच्छा प्रत्येक ग्राहकाची असते. यांपैकी दोनच गोष्टी एकावेळी मिळतात. तिसरी सोडावी लागते. हा निसर्गाचा नियम आहे. स्पीकर जितक्या इंचांचा तितका त्याचा खर्ज खोल, ही समजूतही खरी नव्हे. पंधरा इंची एका स्पीकरशी दहा इंची चार ताडून पाहावेत. व्यासांचे वर्ग केले तर एकीकडे 225 आणि दुसरीकडे 400 भरतात. अर्थात चार लहान स्पीकर मिळून अधिक हवा ढकलतात. शिवाय 41 कंपनांचा मूळ स्वर क्षीण झाला तरी 82 आणि 123 कंपनांच्या त्याच्या सहचर स्वरांवरून कान मूळ स्वर आपोआप जुळवून घेतो. म्हणून दहा इंची दोन स्पीकरांची सुबक पेटीही लहान मांडवात काम भागविते.

ॲम्प्लिफायरच्या बाबतीत वॅटचा आकडा फार फसवा असतो. शक्ती दुप्पट केली तर आवाज केवळ 3 डेसिबलने वाढतो. कानाला तो दुप्पट वाटावयाचा तर शक्ती दसपट करावी लागते. उलटपक्षी एक वॅटला 95 डेसिबल देणाऱ्या पेटीऐवजी 98 डेसिबल देणारी पेटी घेतली, तर तेवढाच लाभ वीज न वाढविता पदरात पडतो. 1969 साली अँपेग या अमेरिकन कंपनीने 300 वॅटचा नळ्यांचा ॲम्प्लिफायर काढला. त्याचे एकट्याचे वजन सुमारे 40 किलो होते. आज तेवढ्याहून अधिक शक्तीचा डी वर्गाचा ॲम्प्लिफायर दोन-तीन किलोंत बसतो. नळ्यांच्या स्वरातील ऊब कित्येकांना प्रिय आहे. परंतु डोंगराच्या पायवाटेने सामान नेणाऱ्याला पाठीचाही विचार केला पाहिजे.

जोडणीत दोन पथ्ये आहेत. आठ ओहमच्या दोन पेट्या समांतर जोडल्या की भार चार ओहम होतो. ॲम्प्लिफायरची मर्यादा चार असेल तर तिसरी पेटी जोडू नये. तसेच गिटारीची बारीक वायर पेटीला लावू नये. तीत तेवढा प्रवाह वाहून नेण्याची ताकद नसते.

मांडवातील जागाही स्वर घडविते किंवा बिघडविते. उघड्या प्रांगणात भिंतींचा आधार नसल्याने घरच्या तालमीत दणदणीत वाटलेला खर्ज पातळ होतो. जवळ चिऱ्याची भिंत असेल तर पेटी तिला अगदी लगटून ठेवावी. परावर्तित लाट मूळ लाटेला साथ देते. तीच पेटी भिंतीपासून एक मीटर दूर ठेवली, तर परतणारी लाट उलटी भेटून सुमारे 87 कंपनांचा स्वर खाऊन टाकते. दोष वादकाला दिला जातो. प्रत्यक्षात तो एका मीटरचा असतो.

याहूनही गंभीर बाब विजेची. ओली जमीन, जनरेटर आणि ठिगळे लावलेल्या वायरी हे मांडवातले नेहमीचे दृश्य. गुणगुण बंद व्हावी म्हणून प्लगची जमिनीची पिन काढून टाकण्याची खोड कित्येकांना असते. मग दोष उद्भवला की 230 व्होल्ट गिटारीच्या तारांपर्यंत पोहोचतात, आणि ओठ मायक्रोफोनला लागताच वादकाचे शरीरच वाट बनते. 1972 साली वेल्समधील स्वान्सी येथे लेस हार्वे हा स्कॉटिश गिटारवादक जमिनीशी न जोडलेल्या मायक्रोफोनला हात लागून रंगमंचावरच मरण पावला. गुणगुण घालविण्यासाठी रोहित्र असलेली डी.आय. पेटी वापरावी, पिन कधीही काढू नये. गळती होताच प्रवाह तोडणारे यंत्र मंडळींनी सामानातच बाळगावे. त्याची किंमत एका साध्या पिक-अपइतकीही नसते.

म्हणून ज्याच्यापाशी रक्कम थोडी आहे त्याने क्रम उलटा धरावा. आधी सुरक्षित वीज, मग चांगली पेटी, मग तिला पेलेल असा ॲम्प्लिफायर आणि उरलेल्या पैशात गिटार. गिटार पुढे बदलता येते, आणि उत्तम गिटार निकृष्ट पेटीतून निकृष्टच वाजते.

शेवटी शेजाऱ्यांचाही विचार हवा. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास मनाई केली आहे. वर्षातील मोजक्या सण-उत्सवांच्या दिवशी राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. मोजणीचे यंत्र मानवी कानाच्या धर्तीवर खर्जाला कमी गुण देते. त्यामुळे आकडा मर्यादेत असूनही पलीकडच्या घरात आजारी माणसाची खाट थरथरू शकते, कारण लांब लाटा भिंतीला जुमानीत नाहीत. वादकाच्या स्वतःच्या कानांनाही सीमा आहे. 85 डेसिबलचा आवाज आठ तास सोसतो असे धरले, तर दर 3 डेसिबलला ती मुदत निम्मी होते. 100 डेसिबलला पंधरा मिनिटेच उरतात. एकदा गेलेले श्रवण परत येत नाही. ज्याला पुढची तीस वर्षे वाजवावयाचे आहे, त्याने पेटी कानाच्या दिशेने कलती ठेवावी आणि आवाज कमी ठेवावा. स्वतःचा स्वर नीट ऐकू येणारा वादक सहसा बटण वाढवीत नाही.