धंद्यालाहि ओटी हवी

वेल्ह्याहून केळदच्या वाटेला लागलें म्हणजे तोरण्याचा डोंगर हळूहळू मागें पडतो आणि सह्याद्रीच्या कुशींतलीं लहान लहान गांवें लागूं लागतात. पासली हें त्यांपैकींच एक. हा मुलूख भाताचा आणि मुबलक पावसाचा. आषाढ-श्रावणांत खाचरांखाचरांतून पाणी खेळत असतें, आणि नेमक्या त्याच दिवसांत पुण्या-मुंबईची मंडळी मढे घाटाचा धबधबा किंवा तोरणा-राजगड पाहण्यासाठीं झुंडीनें या बाजूला येतात. त्यांच्यासाठीं या भागांतील कित्येक घरांनीं अलीकडे ‘घरगुती जेवण मिळेल’ अशा पाट्या लावल्या आहेत. पिठलें, तांदळाची भाकरी, ठेचा आणि आमटी-भात एवढाच बेत. पण भिजून आलेल्या माणसाला तो पक्वान्नाहून गोड लागतो.

गेल्या आषाढांत त्या वाटेनें जातांना आम्हीं एका घरीं असें जेवण सांगितलें होतें. वाढतां वाढतां घरधनीण सहज बोलती झाली. पाहुण्यांची गर्दी आणि भाताची लावणी हीं दोन्हीं एकाच महिन्यांत येतात. रोप तयार झालें कीं तें पाहुण्यांसाठीं थांबत नाहीं, आणि पाहुणेहि लावणी आटपेपर्यंत थांबत नाहींत. म्हणून तिनें आपल्यापुरते दोन नियम घालून घेतले होते. आदल्या दिवशीं सांगितल्यावांचून कोणाचें जेवण घ्यावयाचें नाहीं. आणि स्वतःच्या खाचरांत लावणी असेल त्या दिवसांत, कोणीं कितीहि आग्रह केला तरी, चूल पाहुण्यांसाठीं पेटवावयाची नाहीं. यामुळें कांहीं गिऱ्हाइकें जातात हें तिला ठाऊक होतें. परंतु घर आणि शेत राहतें, हेंहि ठाऊक होतें.

परतीच्या वाटेवर मात्र माझ्या डोळ्यांपुढें राहिलें तें आमचें पुण्याचें घर. कारण जें शहाणपण त्या बाईला कोणीं न शिकवितां सुचलें, तें आम्हां शिकल्यासवरलेल्या मंडळींना सुचावयास चार वर्षें आणि अनरशांचा एक घाणा खर्चीं पडला होता.

माझ्या थोरल्या वहिनींच्या हाताला चव आहे. शेजारच्या दोन घरांनीं दिवाळीचा फराळ त्यांच्याकडून करून मागितला, तेथून आरंभ झाला. पुढच्या वर्षीं वीस घरें झालीं. मग पुरणपोळ्या, उपवासाची भाजणी, मेतकूट, उन्हाळ्यांत कुरडया-सांडगे असें करतां करतां तें बारमाही काम होऊन बसलें. आम्हां सर्वांना त्याचें मोठें कौतुक. परंतु हा धंदा आहे, असें मात्र कोणाच्या मनांत आलें नाहीं. दादा कचेरींत जात, म्हणजे ते ‘कामाला’ जात. वहिनी सात-आठ तास शेगडीपाशीं उभ्या असत, म्हणजे त्या ‘घरींच’ असत! त्यामुळें दारावरची घंटा वाजली कीं वहिनी, आईच्या औषधाची वेळ झाली कीं वहिनी. इस्त्रीवाल्याचा हिशेब, मुलांचा अभ्यास, अवचित आलेल्या पाहुण्यांचा चहा, सगळ्याला वहिनीच.

एका वर्षीं धनत्रयोदशीच्या आदल्या संध्याकाळीं त्यांनीं तुपांत अनरसे सोडले होते. त्याच वेळीं आईनें हाक मारली, दादांनीं चहा मागितला, आणि माझा एक कागद सांपडेना म्हणून मीहि आंत जाऊन उभा राहिलों. वहिनी क्षणभर वळल्या, तेवढ्यांत आंच कमी-जास्त झाली आणि घाणाच्या घाणा हसला. अनरसे हसले, घरांत मात्र कोणाला हसूं आलें नाहीं. वहिनींनीं गॅस बंद केला, हात पुसले आणि शांतपणें म्हणाल्या, “भावजी, मी घरीं आहें, पण मोकळी नाहीं.”

त्या वाक्यावर मी पुष्कळ दिवस विचार केला. घरांत राहून व्यवसाय करणें ही आपल्या घरांना मुळींच नवी गोष्ट नाहीं. वैद्यबुवा घरींच रोगी तपाशीत, वकिलांकडे पक्षकार घरींच येत. ज्योतिषी, भिक्षुक, शिकवण्या घेणारे मास्तर, सारे घरांत बसूनच चरितार्थ चालवीत. परंतु त्यांच्या कामाला ओटी होती. ओटीवर बैठक घातलेली असे, उतरतें डेस्क असे, माणसें येण्याची वेळ ठरलेली असे. वैद्यबुवा नाडी पाहत असतांना, ‘जरा दूध उतूं जातें का पाहा,’ असें माजघरांतून त्यांना कोणी सांगत नसे. ओटी आणि माजघर यांच्यामध्यें एक उंबरठा होता, आणि तो साऱ्या घराला मान्य होता.

स्त्रीचा धंदा आला तो थेट स्वयंपाकघरांत. त्याला ना ओटी, ना वेळ, ना उंबरठा. संसार आणि व्यवसाय यांचा मेळ बसत नाहीं अशी जी तक्रार आज घरोघर ऐकूं येते, तिचें मूळ माझ्या मतें येथें आहे. दोष घरांत बसून काम करण्याचा नव्हे. त्या कामाला घरानें ओटी दिली नाहीं, याचा आहे.

ही ओटी कशी घडवितां येते याचें एक उत्तम उदाहरण मुंबईंत आहे. १५ मार्च १९५९ रोजीं गिरगांवांतील एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणींनीं ८० रुपये उसने घेऊन पापड लाटावयास आरंभ केला. जसवंतीबेन पोपट या त्यांपैकीं एक. पुढें ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’ म्हणून देशभर नांवारूपास आलेली संस्था ती हीच. पहिल्या वर्षीं पावसाळ्यांत पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम बंद ठेवावें लागलें. दुसऱ्या वर्षीं त्यांनीं एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड आणि खालीं स्टोव्ह, अशी युक्ति करून पावसावर तोड काढली.

सभासद वाढल्या आणि जागा पुरेना, तेव्हां मळलेलें पीठ घरीं नेऊन पापड लाटण्याची पद्धत पडली. आपल्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाची आहे ती ही पद्धत. सकाळीं केंद्रावर जाऊन पीठ तोलून घ्यावें, घरीं लाटावें, वाळवावें, दुसऱ्या दिवशीं पापड तोलून द्यावे, लाटणावळ घ्यावी आणि नवें पीठ आणावें. काम घरांतच होतें, पण त्याला तराजूचा उंबरठा आहे. नेलें किती, केलें किती, मिळालें किती, हें त्या बाईला व तिच्या घराला रोजच्या रोज कळतें. आणि आणलेलें पीठ संपलें कीं दिवसाचें कामहि संपतें. शिवाय लाटण्यापुरती स्वच्छ जागा घरांत आहे कीं नाहीं हें संस्था आधीं पाहते. म्हणजे त्या कामाला जागा करून देणें घराला भागच पडतें. लाटणाऱ्या प्रत्येक ‘बहिणी’ला तेथें मजूर न मानतां संस्थेची भागीदार मानतात.

त्याच मुंबईंत याच्या उलट चित्रहि होतें. घाटावरून व कोकणांतून आलेले, बायकामुलें गांवीं ठेवून राहणारे हजारों कामगार गिरणगांवांतील खानावळवाल्या बायकांच्या हातचें जेवीत. गिरण्या पाळ्यांनीं चालत, त्यामुळें त्या लहानशा खोल्यांतील चुलीहि पाळ्यांनींच चालत. पहांटेचा डबा झाला कीं दुपारचा, दुपारचा झाला कीं रात्रीचा. जेवणाचे पैसे महिन्याअखेर हातीं यावयाचे; धान्य मात्र आधीं भरावयाचें. मग वाण्याची उधारी आणि सावकाराचें व्याज. एवढें करूनहि या बायका ‘घरींच स्वयंपाक करतात’ अशीच जगाची समजूत! गोव्याच्या मुक्तिसंग्रामांत भाग घेतलेल्या प्रेमाताई पुरव यांनीं १९७५ सालीं ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ स्थापन केलें आणि या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचें कर्ज मिळवून दिलें. कर्जाची रक्कम लहान होती. पण बँकेनें कर्ज दिलें, म्हणजे ही बाई व्यवसाय करते असें कोणीं तरी प्रथमच कागदावर मान्य केलें. सावकाराच्या व्याजांतून सुटका झाली त्याहून हें मान्य होणें मला मोठें वाटतें.

आतां थोडा वेळेचा हिशेब पाहूं. देशांतील लोकांचा दिवस कशांत जातो याची पाहणी सरकारनें २०१९ सालीं केली. ज्या स्त्रिया घरकाम करतात त्यांचा त्यांत रोज सरासरी २९९ मिनिटें वेळ जातो, आणि जे पुरुष तें करतात त्यांचा ९७ मिनिटें, असें तींत आढळून आलें. २९९ मिनिटें म्हणजे जवळजवळ पांच तास. या पांच तासांवर आणखी सहा तासांचा धंदा रचला, आणि घरांतील इतरांनीं एक तासहि उचलला नाहीं, तर मेळ बसावा कसा? मग तूट भरून निघते ती त्या स्त्रीच्या झोपेंतून, जेवणांतून आणि प्रकृतींतून. आणि हा खर्च वहींत कोठेंच दिसत नसल्यामुळें धंदा फायद्यांत आहे असें सर्वांना वाटत राहतें.

आमच्या घरीं त्या दिवाळीनंतर आम्ही सर्व जण वही घेऊन बसलों. तेव्हां असें दिसलें कीं फायदा आहे कीं तोटा, हें सांगतांच येत नाहीं. तूप, साखर, डाळ घरच्याच डब्यांतून जाई; मिळालेले पैसे मुलांच्या फीमध्यें आणि भाजींत मुरून जात. म्हणून प्रथम पैसा वेगळा केला. धंद्याचे डबे वेगळे, वही वेगळी, बँकेंतील खातें वहिनींच्या नांवाचें. आणि त्यांच्या मेहनतीची मजुरी आधीं मांडून मग नफा काढावयाचा. घरगुती खाद्यपदार्थ विकणाऱ्यांनाहि २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालीं नोंदणी करावी लागते. तीहि करून घेतली.

नंतर जागा. जुन्या मासिकांचे गठ्ठे आणि मोडक्या खुर्च्या ठेवण्यासाठीं अडवून ठेवलेली रस्त्याकडची खोली रिकामी केली. नंतर वेळ. सकाळीं साडेनऊ ते दीड आणि दुपारीं तीन ते सहा या वेळांत वहिनींना ‘घरीं नाहींत’ असें समजावयाचें. दारावरची घंटा नानांनीं पाहावयाची, आईचें औषध मीं द्यावयाचें, चहा ज्याला हवा त्यानें स्वतः करावयाचा, आणि रात्रीची भाजी चिरणें व कूकर लावणें हें दादांचें काम. पहिले आठ दिवस चहा पुष्कळदां उतूं गेला, एवढें सोडल्यास घराचें कांहीं बिघडलें नाहीं.

मात्र उंबरठा दोहों बाजूंनीं पाळावा लागतो. धंद्याची घरांत जशी पायमल्ली होऊं नये, तशी धंद्यानें घराचीहि करूं नये. पूर्वीं गिऱ्हाईक दाराशीं येई. आतां तें टेलिफोनमधून रात्रीं अकरा वाजतांहि उशाशीं येऊन बसतें. म्हणून दिवेलागणीनंतर मागणी घ्यावयाची नाहीं, दिवाळीच्या दहा दिवस आधीं यादी बंद करावयाची, आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं शेगडी पेटेल ती घरच्यांसाठींच, असें ठरलें. हा नियम आम्हांपेक्षां वहिनींनाच अधिक जड गेला. ओळखीच्या माणसाला ‘नाहीं’ म्हणणें त्यांच्या जिवावर येई. पहिल्या वर्षीं चार-पांच जुनीं घरें तुटलीं, एक-दोघांनीं बोलूनहि दाखविलें. त्याचें वाईट त्यांना पुष्कळ दिवस वाटत होतें.

आईचा आक्षेप निराळा होता. घराचें असें तासांत आणि वह्यांत वांटप केलें, तर घराचें दुकान होईल, अशी तिला भीति होती. ही भीति खोटी म्हणतां येणार नाहीं. एकत्र कुटुंब चालतें तें हिशेब न ठेवणाऱ्या माणसांवर, हें तिचें म्हणणें खरेंच आहे. परंतु हिशेब न ठेवणारें माणूस नेहमीं एकच असलें, तर त्याला कुटुंबाचा जिव्हाळा म्हणावें कीं कुटुंबाची सोय म्हणावें, हाहि प्रश्न उरतोच. शिवाय घराचें दुकान कधीं झालें होतें? उंबरठा नव्हता तेव्हांच. फराळाचे डबे जेवणाच्या खोलींत रचलेले, मुलें त्यांना चुकवीत जेवायला बसलेलीं, आणि त्यांची आई सर्वांच्या शेवटीं उभ्या उभ्या दोन घांस खात असलेली. हें चित्र आईनेंच पाहिलें होतें. आतां सहा वाजतां ती खोली बंद होते आणि वहिनी आईशेजारीं येऊन बसतात. अलीकडे आईचा आक्षेप ऐकूं येत नाहीं. सहाला पांच मिनिटें असतांना तिचें लक्ष घड्याळाकडे लागलेलें मात्र दिसतें.

आपल्यापैकीं पुष्कळ घरांत आज कोणी ना कोणी असा उद्योग करीत असेल. कोणी शिवणकाम, कोणी शिकवण्या, कोणी संगणकावरचें लिखाण, कोणी पोळ्या. तिच्याकडे ‘तुम्ही काय, घरींच असतां!’ या नजरेनें पाहिलें जात नाहीं ना, एवढें प्रत्येकानें आपल्या मनाशीं तपासून पाहावें. स्त्रीनें वेळेची शिस्त पाळावी असा उपदेश तिला सर्वत्र मिळतो. आणि ती शिस्त तिला पाळतां येईल अशी व्यवस्था करणें हें मात्र घराचें काम आहे, एकटीचें नव्हे. एक खोली, ती नसेल तर एक कोपरा, ठरलेले चार तास, वेगळी वही, आणि इतरांचे दोन हात. यांतील कोणतीहि गोष्ट पैशांनीं फार महाग नाहीं.

यंदांच्या पावसाळ्यांत वहिनींना घेऊन केळदच्या बाजूला जाण्याचा आमचा बेत आहे. पासलीच्या त्या घरीं जेवण सांगावयाचें आहे. अर्थात् आदल्या दिवशीं, आणि त्यांच्या खाचरांतली लावणी झाली आहे याची चौकशी करून.