शिवारभर पोचणारी हाळी

पुणे–सोलापूर महामार्गावर पाटसचा टोलनाका लागतो. गाडी रांगेत शिरते, वरच्या यंत्राला काचेवरचा फास्टॅग सापडतो आणि दांडा उचलला जातो. ही देवघेव 865 ते 867 मेगाहर्ट्झच्या रेडिओ पट्ट्यात होते. टॅगमध्ये बॅटरी नसते. यंत्राने फेकलेल्या लहरींतून त्याला जी काय शक्ती मिळते, तेवढ्यावर तो आपला क्रमांक सांगून मोकळा होतो. म्हणून हे बोलणं काही मीटरच्या पुढे जात नाही. रेल्वे आपल्या मालडब्यांना जे टॅग लावते तेही याच जातीचे.

याच पट्ट्यात आणखी एक तंत्र काम करतं आणि त्याचा स्वभाव अगदी उलटा आहे. त्याचं नाव लोरा. मुठीत मावणारं उपकरण, आत छोटी बॅटरी, आणि निरोप जातो काही किलोमीटर. निरोप मात्र इवलासा. ‘मी इथे आहे, हललो नाही, बॅटरी ठीक आहे’ एवढाच. फोटो नाही, आवाज नाही, व्हिडिओचा तर प्रश्नच नाही. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांना हे तंत्र कुठे उपयोगी पडेल आणि कुठे उगाच डोक्यावर बसेल, हे जरा बारकाईने बघण्यासारखं आहे.

मुलूख आधी डोळ्यांसमोर आणू. मधून भीमा, उत्तरेला शिरूर, दक्षिणेला दौंड. दोन्ही मिळून अडीच हजारांहून जास्त चौरस किलोमीटर. पश्चिमेला रांजणगाव, शिक्रापूर, सणसवाडीचे कारखाने. नदीकाठाने आणि कालव्याखाली ऊस. मध्ये मध्ये माळरान. या मुलखात लाखो रुपयांचा माल रात्रंदिवस उघड्यावर पडलेला असतो. नदीकाठी ओळीने बसवलेल्या मोटारी, त्यांच्या तांब्याच्या केबली, विजेच्या डीपी, कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे लोखंडी ढापे. यातलं काय कधी चोरीला जातं, हे इथल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. पाळी असते तेव्हा माणूस मोटारीवर जातो, नाहीतर चार-चार दिवस तिकडे कोणी फिरकत नाही. चोरी झाली हे कळतं तेव्हा तांबं भंगारात वितळूनही गेलेलं असतं.

आता लोरा चालतो कसा ते. मोबाइल जलद बोलतो, खूप बोलतो आणि त्यासाठी जवळचा मनोरा आणि भरपूर वीज मागतो. लोराचं बोलणं शिवारात दिलेल्या हाळीसारखं आहे: शब्द थोडे, पण लांबवून उच्चारलेले, म्हणून ते पलीकडच्या बांधापर्यंत कळतात. तांत्रिक भाषेत सांगायचं तर प्रत्येक संकेत ठरलेल्या रुंदीच्या पट्ट्यात एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे घसरत जातो. ही घसरण ओळखीची असल्याने ऐकणारं यंत्र ती गोंगाटातूनही वेगळी काढतं. सर्वांत संथ गतीला तर गोंगाटापेक्षा शंभरपट क्षीण असलेला संकेतसुद्धा वाचता येतो. फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या सायक्लिओ नावाच्या छोट्या कंपनीने हे तंत्र उभं केलं, 2012 साली अमेरिकेच्या सेमटेकने ती कंपनी विकत घेतली आणि 2015मध्ये लोरा अलायन्स स्थापन होऊन लोरावॅन हा सगळ्यांसाठीचा नियमसंच आला. डिसेंबर 2021मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानेही त्याला मानक म्हणून मान्यता दिली.

लांबवण्याच्या सात ते बारा अशा पायऱ्या असतात. एकेक पायरी चढलं की पल्ला वाढतो आणि बोलायला लागणारा वेळही जवळपास दुप्पट होतो. अक्षांश-रेखांशाला आठ बाइट, बॅटरी आणि हालचालीला दोन, असा दहा बाइटचा निरोप सातव्या पायरीवर सेकंदाच्या सोळाव्या भागात निघून जातो. बाराव्या पायरीवर त्यालाच दीड सेकंद लागतो. दीड सेकंद ऐकायला थोडा वाटतो, पण लोरावॅनचे टॅग एकमेकांना विचारून बोलत नाहीत. मनात आलं की बोलतात. एकाच वाटेवर दोघे एकदम बोलले तर दोघांचंही वाया जाऊ शकतं. म्हणून हजारभर टॅग असलेल्या गावात प्रत्येकाने दर मिनिटाला आपला ठावठिकाणा सांगायचा म्हटलं, तर जाळं बसलंच.

भारतात या पट्ट्यासाठी परवाना लागत नाही आणि महिन्याचं रिचार्जही नाही. 2005पासून 865 ते 867 मेगाहर्ट्झ मोकळे आहेत, 2021च्या नियमांनी ती हद्द 868पर्यंत नेली. उपकरणाला मात्र केंद्र सरकारच्या वायरलेस विभागाची मान्यता हवी आणि शक्तीची मर्यादा पाळावी लागते. स्वस्तात मिळणारी काही उपकरणं युरोपच्या किंवा अमेरिकेच्या वारंवारितेवर लावलेली असतात. आपल्याकडचे लोरावॅनचे तीन मूळ चॅनल 865.0625, 865.4025 आणि 865.985 मेगाहर्ट्झ. खरेदीच्या वेळी हे आकडे विचारले तर विकणाऱ्यालाही कळतं की समोर कोण आहे.

पल्ल्याबद्दल जाहिरातींत काहीही छापतात. 2017मध्ये लोराचा एक निरोप 702 किलोमीटर गेला हे खरं आहे, पण बोलणारं उपकरण बलूनला बांधून आकाशात सोडलेलं होतं. आपल्याकडे गेटवे, म्हणजे निरोप ऐकून इंटरनेटवर टाकणारा डबा, गावाच्या पाण्याच्या टाकीवर वीसेक मीटर उंचीला बसवला आणि टॅग जमिनीपासून मीटरभर असला, तर नुसत्या क्षितिजाच्या हिशेबाने वीस-बावीस किलोमीटर मिळायला हवेत. मध्ये उसाचा फड उभा असतो, हे तो हिशेब विसरतो. अडीच-तीन मीटर उंच, पाण्याने भरलेला, पानांनी दाटलेला ऊस रेडिओ लहरी गिळतो. माळावर मिळणारा पल्ला फडात निम्म्याच्याही खाली येऊ शकतो. आठ किलोमीटर धरले तर एका गेटवेखाली साधारण दोनशे चौरस किलोमीटर येतात. कडा एकमेकींवर चढवाव्या लागतात, म्हणून दोन्ही तालुके झाकायला वीस-पंचवीस गेटवे लागतील. ते आवाक्याबाहेरचं नाही. पण गेटवेला वीज आणि इंटरनेट दोन्ही अखंड हवं. लोडशेडिंगच्या मुलखात सौरपट्टी, बॅटरी आणि वीज पडली तर वाचवणारी अर्थिंग धरूनच खर्च मांडावा.

माझ्या मते पहिला मान डीपी आणि मोटारींचा. त्यांची जागा ठरलेली असते, म्हणजे जीपीएस सतत चालू ठेवायची गरज नाही. टॅगमधली बॅटरी खरी खातो तो जीपीएस, लोरा नव्हे. दिवसातून दोनदा हजेरी आणि धक्का बसला किंवा कलंडलं तर तत्काळ आरोळी, एवढंच काम दिलं तर एका लिथियम सेलवर टॅग काही वर्षं निघतो. डीपीच्या बाबतीत तर ठावठिकाणा निरुपयोगीच आहे. चोर अख्खा डीपी उचलून नेत बसत नाहीत. तेल ओततात आणि जागेवरच तांब्याची वेटोळी काढून पसार होतात. तिथे उपयोगाची असतात ती पहिली दहा मिनिटं. पाणबुडी मोटारीला टॅग बांधून विहिरीत सोडण्यात अर्थ नाही, कारण पाण्यातून हा रेडिओ बाहेर येत नाही. टॅग स्टार्टरच्या पेटीशी लावावा, तोही लोखंडी पेटीच्या बाहेर अँटेना काढून. ढाप्यांचं तसंच. लोखंडावर नुसता चिकटवलेला टॅग जवळपास मुका होतो, मध्ये अंतर सोडावं लागतं. आणि कोणी टॅगच फोडला तर? तर हजेरी चुकते. गप्प बसलेल्या टॅगची नोंद सकाळी कोणाच्या तरी फोनवर आली पाहिजे, नाहीतर सगळा खटाटोप व्यर्थ.

उसाच्या हंगामाचं गणित निराळं आहे. पाटसची भीमा, आलेगावची दौंड शुगर, पाटेठाणचा श्रीनाथ म्हस्कोबा, शिरूरकडे जातेगाव आणि रावडेवाडीचे कारखाने. हंगामात रस्त्यावर ट्रक, ट्रॅक्टर-ट्रेलर आणि बैलांच्या टायरगाड्या एकदमच असतात. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडला तर बरा. पडून राहिला की वजन घटतं आणि साखर उताराही उतरतो. कोणत्या फडातून गाडी कधी निघाली आणि अड्ड्यावर किती वेळ नंबर लावून उभी राहिली, हे कळलं तर तोडीचा कार्यक्रम नीट बसवता येईल. पण इथे लोराची भलामण मी डोळे मिटून करणार नाही. ट्रकला स्वतःची बॅटरी आहे, रस्त्यावर मोबाइलची रेंज आहे, तिथे नेहमीचा सिमकार्डाचा ट्रॅकर चांगला. लोरा शोभतो तो टायरगाडीला आणि सुट्या ट्रेलरला. ट्रेलर एका ट्रॅक्टरमागून सुटून दुसऱ्यामागे लागतो, कधी कोणाच्या वस्तीवर आठवडाभर पडून राहतो. एक सावधगिरी मात्र हवी. टायरगाडीवर बीड-अहिल्यानगरकडून आलेलं ऊसतोड कुटुंब असतं. गाडीचा माग म्हणजे त्यांच्या विश्रांतीचाही माग. ती नोंद मुकादमाच्या हातात उचल आणि कपातीचं नवं हत्यार म्हणून जाऊ नये, याची अट कारखान्याने आधीच घालावी.

धनगरांच्या मेंढ्यांना टॅग लावायची कल्पना शहरातल्या सादरीकरणांत हमखास असते. वाडा इथे असेपर्यंत ठीक. कळप चरत दूर गेला की आपले गेटवे मागेच राहतात.

आता बिबट्या. शिरूरचा बेट भाग, म्हणजे पिंपरखेड, जांबूत, कवठे येमाईचा पट्टा, जुन्नर वनविभागात येतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर 2025मध्ये पिंपरखेड-जांबूत परिसरात तीनेक आठवड्यांत तीन जीव गेले: एक पाच वर्षांची मुलगी, एक वृद्ध बाई, एक तेरा वर्षांचा मुलगा. लोकांचा संताप रस्त्यावर आला आणि अखेर बिबट्याला गोळी घालण्यात आली. अशा वेळी ‘सगळ्या बिबट्यांना पट्टे बांधा’ ही मागणी होणं साहजिक आहे.

पट्ट्यांचा इतिहास याच मुलखाला लागून आहे. 2009मध्ये शेजारच्या पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला पकडलेल्या एका वयस्क नर बिबट्याला जीवशास्त्रज्ञ विद्या अत्रेय यांच्या प्रकल्पात जीपीएस पट्टा बांधून माळशेज घाटात सोडलं होतं. तो ‘आजोबा’ महिन्याभरात सुमारे सव्वाशे किलोमीटर चालून मुंबईच्या बोरिवलीच्या जंगलात पोचला. 2014मध्ये सुजय डहाके यांनी त्यावर चित्रपटही केला. त्या पट्ट्याने बिबट्यांबद्दल जे शिकवलं ते अमोल होतं. पण त्याने एका प्राण्याबद्दल सांगितलं, आणि सांगितलं तेही ठरावीक वेळाने. गावाला हवी असते ती धोक्याची सूचना, आणि ती पट्टा न बांधलेल्या बिबट्याबद्दल हवी असते. प्रत्येक बिबट्या पकडून, भूल देऊन पट्टा बांधणं शक्य नाही, आणि फडात बसलेल्या बिबट्याचा क्षीण संकेत टाकीपर्यंत पोचेलच असंही नाही. आफ्रिकेत टांझानियाच्या म्कोमाझी आणि रवांडाच्या अकागेरा उद्यानांत 2017च्या सुमारास लोराची जाळी उभी राहिली. तिथे कुंपणातले मोजके गेंडे होते, वर मोकळं माळरान होतं. तो दाखला बेट भागाला जसाच्या तसा लागू करू नये.

लोरा इथे दुसऱ्या वाटेने कामी येऊ शकतो. प्राणी दिसताच भोंगा वाजवणारी यंत्रं जुन्नर वनविभागात बसवली गेली आहेत. वस्तीपासून दूर, रेंज नसलेल्या बांधावरच्या अशा यंत्राने ‘दिसला’ एवढा एक निरोप टाकीवरच्या गेटवेला दिला, तर वस्तीवरचा दुसरा भोंगा वाजू शकतो. पिंजऱ्याचं दार पडलं की वनरक्षकाला कळू शकतं. आज त्यासाठी कोणाला तरी जाऊन बघावं लागतं.

बेट भागाजवळच खोडदची जीएमआरटी दुर्बीण आहे, तीस मोठ्या अँटेनांची, आकाशातले अतिक्षीण रेडिओ संकेत ऐकणारी. तिचा एक पट्टा 850 मेगाहर्ट्झला संपतो आणि पुढचा 1050च्या आसपास सुरू होतो, म्हणजे लोरा मधल्या मोकळ्या जागेत पडतो. तरीही तिथे गेटवे उभारण्यापूर्वी त्यांना कळवणं हा शेजारधर्म आहे.

टाटा कम्युनिकेशन्ससारख्या कंपन्यांनी लोराची जाळी आधी मोठ्या शहरांत विणली, ते व्यापाराला धरूनच होतं. शिरूर-दौंडच्या वाडी-वस्तीसाठी ती आपोआप येणार नाहीत. उपसा सिंचन योजना आणि दूध संस्था ज्या भागाने उभ्या केल्या, त्या भागाला पाच-सहा गावांनी मिळून गेटवे चालवणं अवघड नाही. फक्त नोंदींची मालकी गावाकडे राहील, हे पहिल्या बैठकीतच कागदावर आणा. आणि खरेदीची घाई करू नका. उसनवारीने एक गेटवे आणा, टाकीवर चढवा, आणि एक टॅग खिशात घालून फडाच्या कडेने, नदीच्या उतारावर, वस्तीच्या मागे फिरा. ही चाचणी ऊस उभा असताना, म्हणजे दिवाळीच्या आसपासच घ्या. तोडणीनंतर उन्हाळ्यात मोकळ्या रानात घेतलेली चाचणी विकणाऱ्याच्या सोयीची असते.